लोकांचा फावला वेळ बदललाय, मग आमच्यासारख्या छोट्या भडंगवाल्यांनी काय करायचं?

भडंगवाली_जयसिंगपूर:

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच एवढं मोठं लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. आमचा भडंगाचा धंदा आहे जयसिंगपुरात, सासऱ्यांनी १९९४ ला चालू केलेला, आता मी आणि माझी जाऊ बघतो. भट्टी दुकानाच्या मागेच आहे. चुरमुरे, शेंगदाणे, लसूण, कडीपत्ता, मेतकूट आणि घरचा मसाला, त्यात अजून काही बदललेलं नाही आणि बदलायचंही नाहीये.

आमचं सगळ्यात जास्त जाणारं पाकीट म्हणजे अर्ध्या किलोचं. ते घरात जायचं. संध्याकाळी सातनंतर मालिका लागल्या की परातीत भडंग ओतायचं, वरनं कांदा टोमॅटो कोथिंबीर, लिंबू पिळायचं आणि सगळी घरची भोवतीनं बसायची. सासरे सांगतात, १९८७ ला रविवारी सकाळी टीव्हीवर रामायण लागायचं तेव्हा ते दुसऱ्याच्या भट्टीवर कामाला होते आणि शनिवारी रात्री जास्तीची भट्टी लावायला लागायची, कारण ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी आख्खी गल्ली. म्हणजे आमचा माल हा पहिल्यापासून लोकांच्या मोकळ्या वेळेवरच चाललाय, भुकेवर नाही. हे मला आत्ता आत्ता कळायला लागलंय.

गेल्या तीन-चार वर्षांत अर्ध्या किलोचा खप बसत चाललाय. चव बिघडली म्हणावं तर जुनी गिऱ्हाईकं तसं म्हणत नाहीत. भाव म्हणावं तर सप्टेंबर २०२५ ला नमकीनवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला तेव्हा आम्ही लगेच भाव उतरवला, तरी फरक नाही. मग एक दिवस मी आमच्याच घरात बघितलं. रात्रीचे साडेआठ. सासरे हॉलमधे बातम्या बघतायत, मुलगा खोलीत गेम खेळतोय, जाऊची मुलगी कानात इयरफोन घालून कोरियन सिरीज बघतेय, नवरा गच्चीवर क्रिकेटचे हायलाइट्स. चौघंही मोकळे आहेत, एकाच घरात आहेत, आणि परात ठेवायची कुठं हेच कळेना. मुलाला म्हटलं भडंग देऊ का, तर म्हणाला नको मम्मी, मोबाईलला तेल लागतं. त्या रात्री मला झोप लागली नाही खरं सांगते.

आता प्रश्न असा की पुण्यातली एक एजन्सी मागं लागलीय, ८० हजार द्या, रील्स करून देतो, तीन इन्फ्लुएन्सर लावतो, लोक आता मोबाईलवरच असतात तर ब्रँडने मोबाईलवरच जायला पाहिजे असं त्यांचं म्हणणं. भाचा म्हणतो गेमिंगवाल्या पोरांना स्पॉन्सर करा. जाऊ म्हणते काहीच करू नका, दिवाळीत खप येतोच. ८० हजार आमच्यासाठी लहान रक्कम नाही, चार बायकांचा महिन्याचा पगार निघतो त्यात. तुमच्या आजूबाजूला लोक मोकळ्या वेळेत खरंच काय करतायत, आणि त्यात आमच्यासारख्यांना जागा कुठं आहे, जरा मोकळेपणाने सांगा. मोठ्या कंपन्यांचं ज्ञान नको, आमच्या आवाक्यातलं सांगा.


तिसऱ्या_तासाची_बाई:

ताई, मी सांगलीत शाळेत शिकवते आणि तुमची परात वाचून डोळ्यासमोर माझं माहेरच आलं.

पहिली गोष्ट, "लोकांचा मोकळा वेळ" असं एकत्र धरू नका, कुणाचा मोकळा वेळ ते आधी विचारा. सरकारचा वेळ वापराचा सर्व्हे असतो, घरोघरी जाऊन माणूस दिवसभरात काय काय करतो ते विचारतात, २०१९ ला झाला आणि परत २०२४ ला झाला. २०२४ च्यात सहा वर्षांवरच्या माणसांचा करमणूक, गप्पा, टीव्ही मोबाईल, खेळ वगैरे सगळा मिळून दिवसाचा वेळ १७१ मिनिटं निघालाय. पुरुषांचा १७७ आणि बायकांचा १६४. आता हे वाचून वाटेल की फक्त तेरा मिनिटांचाच तर फरक आहे. पण त्याच सर्व्हेत १५ ते ५९ वयाच्या ज्या बायका घरकाम करतात त्यांचा घरकामाचा वेळ दिवसाला ३०५ मिनिटं आहे, म्हणजे पाच तासांच्या वर, आणि पाच वर्षांत तो कमी झालाय फक्त दहा मिनिटं. (हे सगळं देशाचं आहे, जयसिंगपूरच्या तुमच्या गल्लीचं वेगळं असू शकतं.) आता जिला पाच तास घरकाम आहे तिचा मोकळा वेळ सलग असतो का? नसतो. कुकरच्या दोन शिट्ट्यांमधला असतो, मुलं क्लासला सोडली की परत आणायला जायच्या मधला असतो, दुपारी तीन ते चार असतो आणि रात्री सगळी झोपल्यावर असतो. माझा स्वतःचा वेळ असाच आहे, सुट्टीच्या दिवशी तर त्याहून वाईट.

आणि तुमची ती परात. ती कोण भरायचं? कांदा कोण चिरायचं? तुमची आई, माझी आई. त्या संध्याकाळी सगळे मोकळे बसलेले असायचे पण एक बाई मोकळी नसायची, ती उठबस करत मालिका अर्धी बघायची. मला त्या दिवसांची आठवण येते पण हेही आठवतं. म्हणून मला वाटतं परात गेली हे नुसतं मोबाईलमुळे नाही, परात लावणारी बाईसुद्धा आता नोकरी करून सातला घरी येतेय आणि तिच्यात कांदा चिरायचं त्राण नाही.

मग तुम्ही काय करू शकता. आमच्या शाळेतल्या बायकांची भिशी असते महिन्यातनं एकदा, तीच आमची करमणूक, दुसरी कुठली नाही. तिथं प्रत्येक वेळी जिच्या घरी भिशी तिची दमछाक. मला जर कुणी बारा जणींचं भडंग, कांदा नको, लिंबाच्या फोडीसुद्धा नकोत, नुसतं वाटीत ओतलं की झालं अशा चवीचं, बारा लहान डब्यात घालून दिलं तर मी दर महिन्याला घेईन. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर वाण म्हणूनसुद्धा चालेल. आम्हाला जाहिरात नको, आमचं एक काम कमी करा, आम्ही तुमचं नाव बारा घरात सांगतो.


गडवाट_पुणे:

दंडवत. मी आयटीत आहे, पुण्यात, आणि पंधरा वर्षं ट्रेक करतोय, दर महिन्यात एखादी बॅच घेऊन जातो. आमच्याकडं मोकळा वेळ म्हणजे काय झालंय सांगतो. सोमवार ते शुक्रवार वेळच नाही, अकरा वाजता लॅपटॉप बंद करतो आणि मग सूड घेतल्यासारखं दोन वाजेपर्यंत मोबाईल बघत बसतो, त्याला मी विश्रांती म्हणत नाही, दुसऱ्या दिवशी डोकं जड असतं. आणि शनिवार-रविवार मग सगळ्यांनाच बाहेर पळायचं असतं. पावसाळ्यात राजगड, लोहगडला रविवारी सकाळी जाऊन बघा, पायऱ्यांवर रांग असते. जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले यादीत घेतले, ११ आपल्याकडचे आणि एक तमिळनाडूतला जिंजी, त्यानंतर तर ज्यांनी कधी गड बघितला नाही ती मंडळीही येतायत. ते चांगलंच आहे. तुमच्या जवळचा पन्हाळाही आहे त्यात.

पण ताई इथं मला तुम्हाला एक गोष्ट कळकळीने सांगायचीय. आम्ही दर ट्रेकला उतरताना कचरा गोळा करतो. पोत्यात काय असतं? पाण्याच्या बाटल्या आणि फरसाण-वेफर्सची पाकिटं. बाटली भंगारवाला घेतो, ते चकाकणारं पाकीट कुणी घेत नाही, कारण ते प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवून केलेलं असतं, वेगळं करता येत नाही. ते तिथंच कड्याखाली राहतं. आणि त्या पाकिटावर नाव असतं. माझ्या बॅचमधली एक मुलगी एकदा गोळा केलेली पाकिटं कंपनीवार लावत बसली होती आणि ज्याचा ढीग सगळ्यात मोठा ते नाव तिच्या तोंडात दिवसभर होतं, चांगल्या अर्थाने नाही. ब्रँडची जाहिरात अशीही होते.

तुम्ही जर मोकळ्या वेळेच्या मागं गडावर येणार असाल तर ते पाकीट परत घ्यायची सोय घेऊन या. ट्रेक ग्रुपला थेट विका, मोठ्या डब्यातनं, पंचवीस जणांना एक डबा, प्रत्येकाने आपापल्या वाटीत घ्यायचं. भडंग हलकं आहे, उन्हात खराब होत नाही, चढताना शेंगदाणे आणि मीठ दोन्ही लागतं, खरं तर ट्रेकला याच्यासारखं खाणं नाही, वेफर्स सॅकमधे चुरा होतात. फक्त पावसात सादळतं, त्याचं काहीतरी बघा, घट्ट झाकणाचा डबा पाहिजे.


भडंगवाली_जयसिंगपूर:

तिसऱ्या तासाच्या बाई, तुमचं ते "परात कोण भरायचं" वाचून मी आणि जाऊ दोघी गप्प बसलो बराच वेळ. आमच्या सासूबाईंनी मालिका कधी पूर्ण बघितलीच नसणार. गडवाट दादा, सादळण्याचं खरं आहे, नायट्रोजन भरून पाकीट केलं तर दोन महिने टिकतं पण एकदा फोडलं की पावसाळ्यात तासाभरात मऊ. डब्याचं विचारते इथल्या डबेवाल्याला.


पेठेतला_कोल्हापूर:

काय ओ ताई, जयसिंगपूरच्या असून कोल्हापूरचा फुटबॉल कसा विसरला? सगळी म्हणतात माणसं घरात मोबाईल घेऊन बसलीत, या एकदा शाहू स्टेडियमवर सीझन चालू असताना, पाटाकडील आणि प्रॅक्टिसची मॅच बघायला, कामधंदा सोडून दुपारी माणूस गॅलरीत असतोय. आमच्या आज्जाच्या वेळेपासनं पेठापेठांच्या तालमींच्या टीमा आहेत, लोकांनी मोकळा वेळ कसा घालवायचा ते आम्हाला कुणी शिकवायची गरज पडली नाही. मोबाईल आला म्हणून मॅचची गर्दी हटली नाही, उलट पोरं आता लाइव्ह लावतात आणि दुबईत, पुण्यात नोकरीला गेलेली पेठेतली पोरं तिकडनं बघतात.

आता तिथं खाणं काय असतंय, तर शेंगा, चुरमुरे, भेळ. हातात घ्यायचं आणि डोळे मैदानावर. तुमचं मोठं पाकीट तिथं चालत नाही, तिथं पुडी पाहिजे. दोन घास, गोल झाला की उडी मारायला हात मोकळा पाहिजे. मी तुम्हाला धंद्याचं सांगतो, माझं स्वतःचं पानपट्टी आणि जनरलचं दुकान आहे तिथनं जवळ, मॅचच्या दिवशी मी जेवढ्या पुड्या ठेवीन तेवढ्या जातात. फक्त एक लक्षात ठेवा, कुठल्या एका टीमचा बॅनर लावून स्पॉन्सर होऊ नका, दुसऱ्या पेठेत तुमची पुडी कोण हातात धरणार नाही, हे मी मनापासनं सांगतोय. सगळ्यांच्या मॅचला या, पुडीवर नुसतं तुमचं नाव.


तिसऱ्या_तासाची_बाई:

पुडी ठीक आहे दादा पण पेपरच्या रद्दीची नको हं. छापील कागदात खाणं बांधायला बंदी आहे, शाई उतरते त्यातली. कोरा ब्राऊन कागद घ्या.


जाहिरातीतला_माणूस:

मी दहा वर्षं जाहिरातीच्या धंद्यात आहे, मुंबईत, त्यामुळे माझ्या लोकांविरुद्ध बोलल्यासारखं होईल पण बोलतो. ८० हजार आत्ता देऊ नका.

कारण सांगतो. आमच्या धंद्यात सगळे एकच वाक्य घोकतात, लोक जिथं वेळ घालवतात तिथं ब्रँडने जायचं. अर्धं खरं आहे ते. मी एका लोणच्याच्या ब्रँडचं काम करत होतो, त्यांचं सगळं टिकटॉकवर उभं केलेलं, एक आजी लोणचं घालताना दाखवायचो, चांगले लाखात बघणारे. २९ जून २०२० ला रात्री सरकारने ५९ अॅप बंद केली, त्यात ते गेलं. दुसऱ्या दिवशी आमच्याकडं त्या लाखांपैकी एकाचाही फोन नंबर नव्हता. मालकीणबाईंना मी काय सांगणार होतो? ती जागा त्यांची नव्हतीच, भाड्याची होती, आणि हे मी त्यांना आधी सांगायला पाहिजे होतं. तसंच तुमच्या भाच्याच्या गेमिंगचं. साधे गेम वेगळे, पण पैसे लावून खेळायचे जे अॅप होते त्यांच्यावर ऑगस्ट २०२५ ला कायद्याने बंदी आली, आणि भारतीय क्रिकेट टीमच्या जर्सीवर त्यातल्याच एकाचं नाव होतं ते काही दिवसांत उतरलं. एवढ्या मोठ्यांचं असं होतं. लोकांचा मोकळा वेळ दर दोन-तीन वर्षांनी नवीन घरात राहायला जातो, त्याच्या मागं सामान घेऊन पळत राहणं तुमच्यासारख्यांना परवडणारं नाही.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा एकदम स्वस्त झाला आणि तिथनं एका घरातला एक टीव्ही जाऊन चार पडदे झाले. हे तुम्ही घरात बघितलंच. पण त्यातनं तुम्हाला जो धागा सापडलाय ना, मोबाईलला तेल लागतं, तो आमच्या कुठल्या मीटिंगमधे कुणी सांगितला नसता. त्याच्यावर काम करा. पूर्वी मोकळ्या वेळेत दोन्ही हात मोकळे असायचे, आता एक हात कायम अडकलेला आहे. तुमचा पदार्थ पाच बोटांनी खायचा, तेलाचा, मसाल्याचा. मग चमच्याने खाता येईल असा कप, ज्यात वर झाकणात लाकडी चमचा असेल. किंवा कोरडा प्रकार, तेल कमी, बोटाला मसाला लागणार नाही असा. यात खर्च डब्याचा आहे, रीलचा नाही.

आणि रील करायचंच तर एजन्सी नको, भट्टीपाशी मोबाईल ठेवा, चुरमुरे कढईत पडल्यावरचा आवाज आणि लसूण तळताना, एवढंच, बोलूसुद्धा नका. महिन्यातनं दोन. आणि प्रत्येक पाकिटावर तुमचा व्हॉट्सअॅप नंबर टाका, जो ऑर्डर देईल त्याचा नंबर वहीत लिहून ठेवा. ती वही तुमची, ती कुणी बंद करू शकत नाही.


गडवाट_पुणे:

वेळेवरनं आठवलं, पुण्यात चितळ्यांचं दुकान दुपारी एक ते चार बंद म्हणजे बंद, यावर अख्ख्या महाराष्ट्राने किती बोलून घेतलंय. २०१७ ला त्यांनी ते बदललं आणि दुपारी दुकान उघडं ठेवायला लागले. म्हणजे बाकरवडी तीच राहिली, घड्याळ बदललं. ताई तुमचं दुकान किती ते किती असतं? मी एकदा नरसोबाच्या वाडीहून येताना रविवारी संध्याकाळी जयसिंगपुरात थांबलो होतो भडंग घ्यायला, चार दुकानं बंद मिळाली. (तुमचं होतं का ते माहीत नाही.)


भडंगवाली_जयसिंगपूर:

आमचं रविवारी दुपारी एकला बंद होतं. सासऱ्यांच्या काळापासून. म्हणजे वाडीला, कोल्हापूरला फिरायला आलेली माणसं परत निघतात तेव्हा आम्ही नसतो. हे माझ्या आजवर डोक्यातच आलं नाही, आमचीही सुट्टी म्हणून बंद.


वाचनालयातले_काका:

नमस्कार. वय वर्षं ७१, सांगली. रोज संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर आमचा सात-आठ जणांचा कट्टा असतो. सर्वांचं वाचलं, चांगली चर्चा चाललीय, दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटल्या.

रविवारची सुट्टी आपल्याला आपोआप मिळाली असं नव्या पिढीला वाटतं. मुंबईच्या गिरण्यांमधे कामगारांना सातही दिवस राबावं लागायचं, नारायण मेघाजी लोखंड्यांनी काही वर्षं लढा दिला आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. सत्यशोधक चळवळीतला माणूस, त्यांचं म्हणणं होतं की हा दिवस कामगाराला स्वतःसाठी आणि समाजासाठी मिळाला पाहिजे. म्हणून भडंगवाली ताई, तुमच्याकडच्या कामाच्या बायकांचा रविवार जाऊ देऊ नका. दुकान रविवारी संध्याकाळी उघडायचं असेल तर जरूर उघडा, पण त्यांना आठवड्यात दुसरा पूर्ण दिवस द्या. पिंपरी-चिंचवडला कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, तिथं माणसांचा बाजारहाट, लग्नाच्या खरेद्या सगळं गुरुवारी चालतं, काही अडत नाही. दुसऱ्याच्या फावल्या वेळेवर आपला धंदा आहे म्हणून आपल्या माणसांचा फावला वेळ खायचा नाही, एवढं माझं म्हणणं.

दुसरं असं की सगळी चर्चा तरुणांची चाललीय. खरा भरपूर मोकळा वेळ आज आमच्याकडे आहे. मुलं बेंगळुरूला, नाहीतर परदेशी. सकाळी आमराईत फिरायला जातो, मग वाचनालय. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या सांगली नगर वाचनालयाची पुस्तकं भिजून गेली, ते दिवस आठवले तरी पोटात तुटतं. पण लोकांनी पुस्तकं पाठवली आणि आम्ही परत तिथं जातो. संध्याकाळी कट्टा. आणि कट्ट्यावर काहीतरी तोंडात टाकायला लागतंच. पण ताई, आमच्यातल्या पाच जणांना शेंगदाणा चावत नाही. दोघांना तिखट बंद, तिघांना मीठ कमी. आम्ही तुमचं भडंग तीस वर्षं खाल्लेली माणसं, चव माहीत असलेली, आणि आता आम्हाला ते खाता येत नाही म्हणून कुणीतरी बिस्किटं आणतं. शेंगदाण्याऐवजी डाळं घालून, मीठ-तिखट बेताचं असं एक करून बघा. मोकळा वेळ असलेली, एका ठिकाणी रोज बसणारी आणि गप्पा मारणारी माणसं तुम्हाला हवीत ना, ती घाटावर बसलेली आहेत.


नाईट_शिफ्ट_चाकण:

काकांच्या गुरुवारवरनं लिहितोय. मी चाकणला कंपनीत आहे, फिरती शिफ्ट, एक आठवडा सकाळ, एक दुपार, एक रात्र. आमच्या मोकळ्या वेळेचा कुणी विचारच करत नाही, सगळ्या जाहिराती संध्याकाळच्या चहाच्या असतात. आमची संध्याकाळ सकाळी सात वाजता असते. रात्रपाळी सुटली की रूमवर सहा जण येतो, झोप लगेच येत नाही, तासभर कॅरम नाहीतर मोबाईलवर लुडो, आणि तेव्हा भूक नसते पण काहीतरी खायला लागतं, त्या वेळेला दुकानात पोहे नाहीतर वडापाव, रोज ते खाऊन पित्त होतं. गावाकडनं येताना मी तुमच्याच भागातलं दोन किलो भडंग आणतो, चार दिवसात संपतं. ते संपलं की संपलं. इथं सांगली-कोल्हापूर, लातूर-नांदेडची पोरं हजारांनी आहेत ताई, रूमवर राहणारी, आणि तुमची परात आमच्याकडं अजून आहे, खरंच सांगतो, स्टीलची, गावाकडनं आणलेली, मधे ठेवतो आणि सगळे भोवतीनं. कुणीतरी पाच किलोचा डबा पाठवत असेल तर आम्ही वर्गणी काढून घेऊ.


भडंगवाली_जयसिंगपूर:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. मधे महिनाभर गेला, उत्तर द्यायला उशीर झाला कारण तुम्ही सांगितलेलं करूनच बघत होतो. आता जे झालं ते जसंच्या तसं सांगते.

एजन्सीला नाही म्हणून सांगितलं.

पेठेतले दादा, तुमच्याकडं पहिल्या मॅचला पाठवलेल्या दीडशे पुड्या पहिल्या हाफलाच संपल्या हे तुम्हाला माहीतच आहे. ब्राऊन कागदाची पुडी पण तेल शोषते आणि हाताला लागतं, आता आतनं बटर पेपर घालतोय. त्यानं पुडीमागे खर्च वाढलाय, तरी पुरतंय.

भिशीचे डबे बाईंच्या शाळेतनं सुरू झाले आणि तिथनं आणखी चार भिशींना गेले, याचं मला सगळ्यात जास्त बरं वाटलं. एक बाई म्हणाल्या पहिल्यांदा माझ्या घरची भिशी मी बसून केली.

ट्रेकचं नीट जमलं नाही. गडवाट दादांच्या ग्रुपला डबा पाठवला तो बरोबर परत आला, पण दुसऱ्या एका ग्रुपला लहान पाकिटं दिली, रिकामी आणून द्या दहाला एक फुकट असं सांगून, दोनशेतली अकरा परत आली. बाकीची कुठं आहेत या विचाराने वाईट वाटतं. ट्रेकसाठी लहान पाकीट बंद केलं, फक्त डबा. आणि दुकानात पण पाटी लावलीय, घरचा डबा आणा, भरून न्या, किलोमागे दहा रुपये कमी. सकाळची शाळेत जाणारी पोरं सोडली तर आता बरीच जण डबा घेऊन येतात.

काका, डाळ्याचं भडंग तीन वेळा केलं. पहिलं फिकं झालं, दुसऱ्यात डाळं जास्त भाजलं गेलं, तिसरं सासऱ्यांना दिलं, त्यांनी अर्धी वाटी खाल्ली आणि परत मागितलं, त्यांचेही दात नाहीत. शनिवारी घाटावर पाठवतेय तुमच्या कट्ट्याला, खरं काय ते सांगा, गोड बोलू नका. दुकान आता रविवारी रात्री आठपर्यंत उघडं असतं आणि आमच्या बायकांना मंगळवार पूर्ण सुट्टी, दोघींनी तर त्या दिवशी शिवणाचा क्लास लावलाय. रविवारी संध्याकाळी मी आणि जाऊ आलटून पालटून बसतो.

चमच्याचा कप अजून झाला नाही, कमीत कमी दहा हजार कप घ्या म्हणतात, तेवढे ठेवायला जागा नाही. कुणाला शंभर-दोनशे कप देणारा माहीत असेल तर सांगा.

आणि चाकणचा भाऊ, पाच किलोचा डबा बुधवारच्या एसटीने टाकते, राजगुरुनगरच्या पार्सल ऑफिसला उतरवून घे. डबा रिकामा झाला की परत पाठव, झाकणावर खडूने नाव घातलंय. आणि तुमच्या परातीचा एक फोटो काढून पाठवशील का, सासूबाईंना दाखवायचाय.